नजरेच्या मापाचे साठ फॉर्म

३ जून

प्रिय मावशी,

पत्र जाड आहे म्हणून घाबरू नकोस. आत साठ कोरे फॉर्म आहेत आणि माझी एक विनंती. फोनच केला असता, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेल्या निम्म्याला "बरं" म्हणतेस. मागच्या वेळी तू अशीच "बरं" म्हणालीस आणि मला निळ्याऐवजी हिरवा ड्रेस आला.

माझा प्रबंध दोन वर्षं रखडलाय हे तुला माहीत आहे. साथ आल्यावर बदललेला विषय असा: या साथीच्या काळात तरुण मुलामुलींनी मोबाईलमधलं वॉलेट वापरायला सुरुवात केली, ती नक्की कशामुळे? सोपं वाटलं म्हणून, मित्रांचं बघून, बक्षिसाच्या आशेनं, की आजाराच्या भीतीनं? प्रबंध द्यायची शेवटची तारीख ३१ जुलै. दोनदा मुदत वाढवून झाली, तिसऱ्यांदा मिळणार नाही असं ऑफिसनं लेखी कळवलंय. तारीख हुकली तर नोंदणी रद्द, आणि कॉलेजात माझ्यासाठी अडवून ठेवलेली शिकवायची जागा दुसऱ्या कुणाला.

पण मुलं आणायची कुठून? कॉलेज बंद, हॉस्टेल रिकामं. इंटरनेटवर प्रश्न पाठवले तर अकरा उत्तरं आली. त्यातली चार एकाच मैत्रिणीची होती, दरवेळी वेगळं वय लिहून.

मग तुझं दुकान आठवलं. एका बाजूला नर्सिंगच्या मुलींचं हॉस्टेल, दुसऱ्या बाजूला पार्सलचं गोदाम. दोन्ही चालू, आणि दोन्हीकडची पोरं कपडे घेऊन तुझ्याकडे येणारी. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बसले होते. पंचवीसच्या आतली, वॉलेट वापरणारी साठ मुलं हवीत. प्रत्येकाला एक फॉर्म द्यायचा आणि भरून घ्यायचा. नाव कुणी लिहायचं नाही. एवढं करशील ना?

तुझी,
काडी


१० जून

चिरंजीव काडी,

एक आशीर्वाद आत्ता घे, बाकीचे तुझं वागणं बघून देईन. चार महिन्यांत मावशी जिवंत आहे का ते विचारलं नाहीस आणि काम निघालं तसं जाड पाकीट आलं. आणि हिरव्या ड्रेसमध्ये तू बरी दिसतेस, हे तुझ्याच आईनं मला सांगितलंय.

मी ठणठणीत आहे. दुकान दहा ते चार उघडं असतं. काउंटरवर छतापासून प्लास्टिकचा पडदा सोडलाय, त्यामुळे मी खोक्यातल्या बाहुलीसारखी दिसते. गिऱ्हाईकाला हात लावायचा नाही असा नियम आहे. मग माप घ्यायचं कसं? पहिले दोन दिवस रडकुंडीला आले. तिसऱ्या दिवशी टेप गळ्यातच ठेवला आणि समोरच्या पोराला म्हटलं, पडद्यापलीकडे सरळ उभा राहा, आता पाठ फिरव, जा. माप नजरेनं लिहिलं आणि शर्ट बसला. तेव्हापासून सत्तर-ऐंशी कपडे असेच शिवले. परत आल्या फक्त दोन पँटी, त्यातला एक मुलगा तर घरी बसून जाड झाला होता, तो काही माझा दोष नाही. पस्तीस वर्षं माणसं मापतेय, आता टेप नुसता शोभेला.

तुझे फॉर्म वाचले. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. एवढे पर्याय तुझ्या आईनं नवरा निवडतानाही बघितले नव्हते.

वॉलेटचं म्हणशील तर मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. समोर एक नवा टेलर आलाय. वय तेवीस, मिशी त्याहून लहान. त्यानं काचेवर ते ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र लावलंय. पोरं त्याच्यापुढे फोन धरतात आणि चालू पडतात. हीच पोरं पूर्वी माझ्या हातात नोट ठेवायची, सुट्टे नसले की "राहू दे मावशी, पुढच्या वेळी" म्हणायची. आता माझ्याकडे आलीच तर नोट काउंटरच्या टोकाला ठेवतात आणि दोन पावलं मागे सरतात. असो. आपण काय बोलणार.

तुझं काम झालं समज.

मावशी


१४ जून

काडी,

घे, साठच्या साठ. एकही कोरा नाही, एकही फाटका नाही. पोस्टातल्या माणसानं पाकिटाचं वजन करून तोंड वाकडं केलं, मी लक्ष दिलं नाही. आता भरभर लिही आणि ती जागा पटकाव.

मावशी


२५ जून

मावशी,

पाकीट मिळालं तेव्हा मी जिन्यातच नाचले. घरमालकीणबाई दार उघडून बघून गेल्या. दोन दिवसांत सगळी उत्तरं मोजली आणि मॅडमना पाठवली. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्या कौतुक करत नाहीत, फक्त कमी रागावतात. या वेळी कमी रागावल्या. सोपं म्हणून घेणारे, बक्षिसासाठी घेणारे, मैत्रिणीनं मागे लागून घ्यायला लावलेले, सगळे नीट दिसत होते. अकराव्या प्रश्नाशी मात्र त्या अडल्या.

तो प्रश्न असा आहे: रोख पैसे देणं का टाळता? (अ) मला आजार होईल म्हणून. (ब) माझ्यामुळे दुसऱ्याला होईल म्हणून. कोणाला, ते लिहा. (क) नुसती सोय म्हणून.

साठपैकी साठ जणांनी अ. मॅडम म्हणाल्या, साठ माणसांचं चहात साखर किती यावर एकमत होत नाही, यावर कसं झालं?

मग मी फॉर्म परत काढून बसले. सगळ्या खुणा निळ्या पेन्सिलीच्या आहेत, तू कापडावर करतेस तशा बारीक बाणाच्या. आणि तेविसाव्या फॉर्मच्या कडेला लिहिलंय, "हा विचारलं तर नाही म्हणेल, पण घेतलंय ते बक्षिसासाठीच."

मावशी, हे फॉर्म कुणी भरले? खरं सांग, मी रागावणार नाही.

काडी


१ जुलै

काडी,

"मी रागावणार नाही" असं लिहिणारा माणूस आधीच रागावलेला असतो. एवढं मला तुझ्या आईबरोबर वाढल्यामुळे कळतं.

फॉर्म मी भरले. त्यात लपवायचं काय आहे? पहिल्या पोराला फॉर्म दिला, तर त्यानं आधी त्याच्यावर सॅनिटायझर मारलं, अक्षरं पसरली, आणि मग म्हणाला, उद्या भरतो. दुसरी म्हणाली, ड्यूटी संपली की भरते. तिसरा फॉर्म घेऊन उभ्या उभ्या फोनवर बोलत राहिला आणि तसाच कोरा ठेवून गेला. म्हटलं, असे साठ "उद्या" जमले तर काडीच्या जागेवर दुसरंच कुणी बसेल.

तेव्हा दार लोटून घेतलं आणि एकेकाला आठवत बसले. बेकरीतली मुलगी घे. तिला सुट्टे मोजायचा आळस, चुकते म्हणून मालकाची बोलणी खाते. तिचं "सोपं वाटतं" इथे पूर्ण सहमत. गोदामातला लंबू, तो मित्रांचं बघून केससुद्धा कापतो. त्याचं "मित्रांमुळे घेतलं" इथे पूर्ण सहमत. हॉस्टेलमधली ती चष्मेवाली दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघते. तिचं "पैसे सुरक्षित राहतील असा विश्वास वाटतो" इथे असहमत, पण मैत्रिणींपुढे नाही म्हणता येत नाही म्हणून वापरते. सांग, यात खोटं काय? तीन वर्षं ही पोरं माझ्यासमोर उभी राहून वाढली. त्यांच्या बाह्या मी सोडल्यात, कंबरा मी घट्ट केल्यात. ती स्वतः भरतील त्यापेक्षा मी खरं भरलंय, कारण मला कुणाला खूश करायचं नाही.

अकराव्या प्रश्नात तर विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मी रोज बघते.

मावशी


६ जुलै

मावशी,

हो, रागावलेय.

हा शर्ट नाही. माणूस कसा दिसतो ते मला नको होतं, तो स्वतः काय म्हणतो ते हवं होतं. खोटं का बोलेना, पण त्याचं त्यानं बोलायला हवं. तू सांगितलेलं मी त्यांच्या नावावर खपवलं तर ती फसवणूक होते. पकडली गेले तर ही पदवी सोड, कुठलीच मिळणार नाही.

आता माझं ऐक, कारण हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी गप्प बसले. आकडे तयार होते, मॅडमना फक्त अकरावा प्रश्न खुपत होता. त्यातल्या वीसेक खुणा इकडच्या तिकडे केल्या असत्या तर कुणालाच काही कळलं नसतं. मी निळी पेन्सिल विकत आणली, मावशी. एक खूण पुसली सुद्धा. मग स्वतःची इतकी लाज वाटली की तशीच उठले आणि मॅडमना फोन करून सगळं सांगून टाकलं. त्या अजिबात कमी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एकतीस तारीख ती एकतीसच. वीस तारखेच्या आसपास खरे फॉर्म हातात आले तर ठीक, नाहीतर तू आणि तुझं नशीब.

नवे साठ फॉर्म पाठवतेय, प्रत्येकाबरोबर एक पाकीट. मुलांनी स्वतः भरायचं, स्वतः चिकटवायचं. तू पेनला हात लावायचा नाहीस आणि पाकीट उघडायचं नाहीस. पहिल्या वेळी जे केलंस ते माझ्यासाठी केलंस, हे मला कळतं. आता हे माझ्यासाठी कर.

काडी


१७ जुलै

काडी,

फॉर्म पाठवतेय. बावन्न आहेत. आठ जण गावी निघून गेलेत, त्यांना कुठून आणू. टपालाला वेळ लागेल म्हणून लंबूनं गोदामाच्या गाडीत पाकीट चढवलंय. दोन दिवसांत तुझ्या दारात येईल असं म्हणाला.

तुझं पत्र वाचून दोन वेळा जेवण गेलं नाही. पेन्सिल आणलीस हे वाचलं आणि वाटलं, पोरीला मी कुठे नेऊन ठेवलं. चुकलं माझं. माझ्या कौतुकापायी तुझी दोन वर्षं पाण्यात गेली असती. हे मी एकदाच लिहिणार आहे, जपून ठेव.

आता हकिगत. बटणांचा मोठा डबा रिकामा केला, झाकणाला फट पाडली. पेन दोरीला बांधलं. पोरगं फॉर्म भरायला लागलं की मी पाठ करून मशीनवर बसायची. मान अवघडली, पण वळले नाही. एकानं मागून विचारलं, मावशी, इथे "सांगता येत नाही" म्हणजे काय? मी म्हटलं, सांगता येत नाही. त्यानं तीच खूण केली असावी. हॉस्टेलच्या पहारेकऱ्याच्या हातून वीस फॉर्म आत पाठवले. शेवटी नाक मुठीत धरून समोरच्या टेलरकडेसुद्धा गेले. मिशीनं स्वतः भरला आणि त्याच्या गिऱ्हाइकांकडून चौदा भरून घेतले. डिंकही स्वतःचाच वापरला. पोरगा वाईट नाही. त्याचं काजाचं काम मात्र अगदीच कच्चं आहे.

एक लिहिते आणि मग गप्प बसते. पाकिटं उघडली नाहीत, पण अकराव्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. हॉस्टेलमधली एक मुलगी आहे, तिचा पहिला युनिफॉर्म मी शिवला. दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्या स्टुलावर बसून पाय हलवत चहा प्यायची. एप्रिलमध्ये ती आली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात नोट धरून. काउंटरवर टाकली आणि पळाली. परत आली नाही, समोर जाताना दिसते. मी ती नोट दुकान बंद करेपर्यंत उचलली नाही. काडी, माझ्या हाताला झालंय काय? दिवसातून वीस वेळा धुते मी. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या फॉर्मवर साठ वेळा अ लिहिलं तेव्हा जरा मोकळं वाटलं होतं, हेही खरं.

मावशी


२४ जुलै

मावशी,

हे पत्र लंबूच्या गाडीनंच पाठवतेय. वाच आणि त्याच गाडीनं उत्तर दे, कारण तीस तारखेला प्रबंध छापायला जातोय.

बावन्न पाकिटं उघडली. आधी तुझा विजय सांगते. पहिल्या दहा प्रश्नांत तुझे आकडे आणि त्यांचे आकडे जवळपास सारखे आले. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा काढून पुसला, परत बघितले, आणि तू कोट शिवतेस का असं विचारलं.

अकरावा प्रश्न. बावन्नपैकी नऊ जणांनी अ. सहा जणांनी क. सदतीस जणांनी ब. माझ्यामुळे दुसऱ्याला होईल म्हणून.

"कोणाला" ही ओळ वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. सोळा जणांनी घरचं कुणीतरी लिहिलंय, आजोबा, आई, एकाची लहान बहीण. उरलेल्या एकवीस फॉर्मवर तू आहेस.

हे सांगणं नियमात बसत नाही, पण फॉर्मवर नावं नाहीत आणि मला राहवत नाही. "टेलर मावशी." "पडद्यामागच्या मावशी, त्या एकट्या राहतात." "शिवणाऱ्या मावशी. मी दिवसभर शंभर दारांच्या कड्यांना हात लावतो, तोच हात त्यांना कसा देऊ." एकानं लिहिलंय, "त्यांच्याकडे स्कॅन नाही आणि त्यांना घ्या म्हणायचं धाडस नाही, म्हणून समोर जातो." आणि एक फॉर्म असा आहे, जसाच्या तसा उतरवते:

"माझी ड्यूटी आजाऱ्यांच्या वॉर्डात आहे. माझ्या हातातून त्यांच्या हातात काही जाऊ नये म्हणून नोट चिमट्यानं ठेवली. थांबले असते तर त्यांनी चहाला बसवलं असतं आणि मी बसले असते. म्हणून पळाले. त्यांना फार वाईट वाटलं असेल."

मावशी, ती पोरं तुझ्यापासून दोन पावलं मागे सरत नव्हती. तुला दोन पावलं लांब ठेवत होती.

आता तुझ्या परवानगीचं. मॅडम म्हणतात, तुझे साठ फॉर्म फेकायचे नाहीत. खरं काय ते स्पष्ट लिहून वेगळं प्रकरण करायचं: तरुण काय सांगतात आणि त्यांना रोज बघणाऱ्या माणसाला काय वाटतं. बाकी कुणी असं केलेलं नाही आणि या एका प्रकरणामुळे प्रबंध उभा राहील असं त्यांचं मत आहे. पण त्यात तुझे साठ अ आणि त्यांचे सदतीस ब शेजारी शेजारी छापले जातील. तुझं नाव नसेल, "एका टेलरचा अंदाज" एवढंच लिहीन, तरी तुला कळेल ते तुझे आहेत. नको म्हणालीस तर मी ते प्रकरण काढून टाकते. बावन्न फॉर्मवर कसाबसा जाईल प्रबंध. गेला तर गेला, नाही तर नाही. तुझ्या मनाविरुद्ध काही छापणार नाही.

काडी


२७ जुलै

काडी,

तुझं पत्र सकाळी आलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग मशीन चालू केलं आणि त्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको. सुईखाली कापड नव्हतं हे नंतर लक्षात आलं. दोरा तुटला.

दुपारी दुकान बंद केलं आणि हॉस्टेलच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. पहारेकऱ्याला म्हटलं, वॉर्डात जाणाऱ्या त्या मुलीला बोलाव. ती आली. इतकी वाळलीय, युनिफॉर्म खांद्यावरून घसरतो. दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या. मी म्हटलं, "मला राग नव्हता आला गं. मला वाटलं, तुला माझी किळस येते." ती रडायलाच लागली. मी पुढे व्हायला लागले तशी ओरडली, "मावशी, मागे व्हा आधी." मी मागे झाले. आयुष्यात कुणाचं इतकं मुकाट्यानं ऐकलं नसेल. मग तिथूनच पंधरा मिनिटं बोललो, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. युनिफॉर्म फाटकावर टांगून ठेव, दोन्ही बाजूंनी आत घेऊन देते, असं सांगून आले.

वॉलेट घेतलं. मिशीनं त्याचा जुना फोन दिला आणि चित्र माझ्या काचेवर चिकटवूनही दिलं, जरा तिरकं. बदल्यात मी त्याला काज शिकवतेय. तुझ्या फॉर्ममध्ये मी बसत नाही, वय तिप्पट आहे. आणि माझं कारण तुझ्या यादीत नाहीही. सोपं नाही, विश्वास नाही, बक्षीस काय ते अजून कळलेलं नाही. पोरांना माझा घोर लागू नये, एवढंच. पुढच्या वेळी एखादी ओळ वाढव.

आता तुझ्या प्रकरणाचं. ते काढायचं नाही. माझे साठ अ छाप, ठळक छाप, आणि त्यांचे ब अगदी शेजारी. दहा मापं बरोबर आली म्हणून मिरवायचं आणि अकरावं चुकलं ते झाकायचं, असला धंदा मी कधी केला नाही. "एका टेलरचा अंदाज" असं कशाला लिहितेस, माझं नाव लिही, दुकानाच्या पाटीवर आहे तसं पूर्ण. कुणीतरी कधीतरी ते वाचेल. त्याला कळू दे, की त्या वर्षी पोरं म्हाताऱ्या बाईला जपत होती आणि बाई साठ वेळा चुकली.

तुझी मावशी